शेवटच्या थांब्यावरची दहा मिनिटं

आमच्या बस डेपोत त्यांना सगळे डबलबेल म्हणायचे. अठरा वर्षं त्या कंडक्टर होत्या, आणि बस सोडताना दोरी अशी ओढायच्या की पुढे बसलेला ड्रायव्हर दचकून गिअर टाकायचा. गुडघे गेले तेव्हा त्यांना बसवरून उतरवून तक्रार खिडकीत बसवलं. माझं टायपिंगचं टेबल त्याच खोलीत, त्यांच्या समोर. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. जे घरात आणि थांब्यावर घडलं ते त्यांनीच मला डबा खाता खाता सांगितलं, काहीही न लपवता. लपवणं त्यांना जमायचंच नाही.

तक्रार खिडकी ही आमच्याकडे शिक्षेची जागा. ज्याचं कुठेच काही होत नाही त्याला तिथे बसवायचं, त्याने वही पुढे सरकवायची, लोकांनी लिहायचं, महिनाअखेर वही कपाटात. बाईंनी पहिल्या दिवशी कपाट उघडलं आणि जुन्या वह्या काढून वाचायला बसल्या. मी म्हटलं, "बाई, कशाला डोळे फोडून घेताय? कोणी विचारत नाही."

"मला अठरा वर्षं लोक तोंडावर शिव्या देत होते," त्या म्हणाल्या. "लेखी काय देतात ते बघू दे की."

पंधरा दिवसांत त्यांनी अकरा वह्या वाचल्या आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. डेपोच्या बावीस मार्गांपैकी एकाच मार्गावर निम्म्याहून जास्त तक्रारी होत्या. हा मार्ग सरकारी दवाखान्यावरून नदीपलीकडच्या कारखान्यांकडे जायचा. आणि तक्रार जवळजवळ एकच होती: बस रिकामी असूनही दवाखान्याच्या थांब्यावर थांबली नाही.

"यात नवीन काय?" मी म्हटलं. "ड्रायव्हर लोक माजलेत."

"माजलेत खरे," बाई म्हणाल्या, "पण मग याच मार्गावर का माजलेत? तेच ड्रायव्हर बदलीवर दुसऱ्या मार्गावर गेले की माणसात येतात. माज काय मार्ग बघून चढतो?"

बाईंनी तो कागद घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला.

मग तो मंगळवार आला. दुपारी दवाखान्याजवळच्या चौकीत ठेवलेली तक्रारवही भरून आली, बाई वाचत होत्या, आणि वाचता वाचता एकदम थांबल्या. वही माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, "हे वाच."

अक्षर कोणा कॉलेजच्या मुलीचं असावं, सुबक होतं. मजकूर असा: "मी सत्तर वर्षांची आहे. डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून मला नीट दिसत नव्हतं. शेजारच्या मुलीने बसला हात केला. बसमध्ये दहा माणसंसुद्धा नव्हती. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं आणि बस नेली. त्याला आईबाप आहेत की नाहीत?" खाली बसचा नंबर, वेळ, आणि थरथरती सही.

"सही ओळखलीस?" बाई म्हणाल्या.

"मी कशी ओळखणार?"

"माझ्या सासूबाई. आणि हा नंबर आणि ही वेळ म्हणजे माझे धाकटे दीर."

मला हसू आवरेना. बाईंना आवरलं. त्यांचे दीर म्हणजे डेपोचा हिरा. तीन वर्षं सलग उत्कृष्ट चालक. नोटीस बोर्डावर फोटो, घरी भिंतीवर तीन फ्रेमा. बक्षीस कशाचं, तर वेळ पाळण्याचं. शेवटच्या थांब्यावर जो सगळ्यांत जास्त वेळा वेळेत पोचतो त्याला वर्षाअखेर फ्रेम.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"काय करणार म्हणजे? तक्रार आली की चोवीस तासांत डेपो मॅनेजर साहेबांच्या टेबलावर, असा नियम आहे. आजपर्यंत पाळला कोणी नाही, तो मी घरच्या माणसापासून पाळायला सुरुवात करते."

त्या तशाच उठल्या, गुडघ्यावर हात देऊन जिना चढल्या आणि वही साहेबांसमोर उघडून ठेवली.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जे झालं ते असं. सगळे जेवायला बसले होते. सासूबाई काळा चष्मा लावून सकाळचा प्रकार रंगवून सांगत होत्या. त्या ड्रायव्हरला त्यांनी कसा लेखी धडा शिकवला, त्याची आता कशी नोकरी जाईल, वगैरे. धाकटा मुलगा, म्हणजे बाईंचा दीर, घास चावत होता आणि मान हलवत होता. "असल्या लोकांमुळेच आम्ही सगळे बदनाम होतो, आई," असंही तो म्हणाला.

तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊजी, उद्या अकरा वाजता साहेबांनी बोलावलंय तुम्हाला. तो ड्रायव्हर तुम्ही आहात."

त्याचा हात ताटावरच राहिला. सासूबाईंनी चष्मा काढला. सूज उतरलेली नव्हती, डोळे लालभडक, त्यामुळे त्यांचा राग होता त्याच्या दुप्पट दिसत होता.

"मला दिसलंच नाही ती आई आहे," तो म्हणाला.

"म्हणजे दुसऱ्या कोणाची असती तर चालली असती?" सासूबाई म्हणाल्या.

बाईंच्या नवऱ्याने मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. आईने तक्रार मागे घ्यावी, घरातलं घरात मिटवावं. सासूबाई म्हणाल्या, "घरात झालं असतं तर घरात मिटवलं असतं. झालंय रस्त्यावर." आणि पुढे जेवू लागल्या.

मग धाकट्याचा तोल गेला. तो आईवर नाही, वहिनीवर ओरडला. "वहिनी, तू तरी असं बोलू नकोस! तू अठरा वर्षं बसवर होतीस. कोणीही चार तास लघवी धरून गाडी चालवून दाखवा एकदा, मग मला शिकवा. शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं मिळतात, कागदावर. पाच मिनिटं उशीर झाला की ती पाच मिनिटं माझ्या दहातून जातात. दहा मिनिटं उशीर झाला की खाली उतरायचंसुद्धा नाही, लगेच गाडी फिरवायची. प्रत्येक थांबा म्हणजे पाऊण मिनिट. म्हातारी माणसं, काठीवाले, बँडेजवाले, त्यांना चढायला दीड मिनिट. दवाखान्याच्या थांब्यावर चार जण घेतले की माझं संडासला जाणं गेलं. गेल्या वर्षी मुतखडा झाला तो काय हौसेने झाला? मी सकाळपासून पाणी पीत नाही, वहिनी. डेपोतला एकही ड्रायव्हर पीत नाही."

बाई मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या कानाखाली कोणी आवाज काढल्यासारखं झालं गं. कारण हे मला माहीत होतं. मी स्वतः कितीदा केलंय. बाई माणूस, झाडाआडची सोय पण नाही. थांबा चुकवून लवकर पोचायचं म्हणून मीच डबल बेल दिलेली आहे, लोकांचे हात हवेत राहिलेत. आणि घरी येऊन ड्रायव्हरला दोष दिलाय. करत होते, पण का करतेय ते कधी स्वतःला विचारलं नाही."

दिराला साहेबांनी समज दिली, एक मेमो दिला आणि प्रकरण संपलं. साहेबांच्या दृष्टीने. बाईंनी आठवडाभराची रजा टाकली.

मला वाटलं गुडघ्यासाठी. पण त्या रोज सकाळी घडीची खुर्ची आणि डबा घेऊन त्या मार्गाच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन बसायच्या. बस कधी आली, कधी सुटली, ड्रायव्हर-कंडक्टर उतरले का, मुतारीकडे गेले का, चहा पूर्ण प्याले का, सगळं टिपायच्या. पहिल्या दिवशी ड्रायव्हर लोकांना वाटलं साहेबांनी हेर बसवलाय. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलंच. बाई म्हणाल्या, "तुझी लघवी मोजतेय. लाज वाटत असेल तर तोंड फिरवते, पण मोजणार." तिथून सगळे मोकळे झाले. तिसऱ्या दिवशी तर लोक स्वतःहून येऊन सांगू लागले, "ताई, माझी आज पण राहिली, लिहा."

सहा दिवसांत दोनशे चाळीस फेऱ्या झाल्या. पूर्ण दहा मिनिटं मिळाली ती एकतीस फेऱ्यांना. आणि गंमत अशी की त्या एकतीस फेऱ्यांतल्या सव्वीस अशा होत्या ज्यांनी दवाखान्याचा थांबा सोडला होता. हे त्यांच्याकडे त्या फेऱ्यांच्या कंडक्टरांनीच कबूल केलं, नाव न लिहायच्या अटीवर. म्हणजे लोकांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला विश्रांती आणि वर फ्रेम. लोकांना घेणाऱ्याला लघवी दाबून परत स्टिअरिंग. आपणच असा कारखाना काढलाय, बाई म्हणाल्या, आणि त्यातून माल वाईट निघतो म्हणून मालाला शिव्या देतोय.

उपाय त्यांना तिथेच खुर्चीत सुचला. तो इतका साधा होता की मला आधी विनोद वाटला. आत्तापर्यंत बस आणि तिची माणसं एकत्र आराम करत होती. बाई म्हणाल्या, बसला कशाला आराम हवा? शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हर-कंडक्टरची एक जोडी जास्त ठेवायची. बस आली की आलेली जोडी उतरेल, आधीच विश्रांती झालेली जोडी तीच बस घेऊन जाईल. उतरलेली जोडी पुढची बस येईपर्यंत मोकळी. बारा मिनिटांनी बस येते, म्हणजे बारा मिनिटं माणसाची. तो उशिरा आला तरी त्याचीच.

"साहेब एक जोडी जास्त देणार?" मी म्हटलं. "इथे पंख्याला तेल मिळत नाही."

"साहेबांना जे हवंय ते मी त्यांना देणार," बाई म्हणाल्या. "त्यांना काय हवंय?"

"त्यांना वर जायचंय. मुख्य कार्यालयात."

"कशावर जातात वर?"

मी टायपिस्ट. मला ते पाठ होतं, कारण दरमहा तो तक्ता मीच टाइप करायची. डेपोच्या किती बस वेळेवर सुटल्या, त्याची टक्केवारी. बाईंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "बस!"

साहेबांच्या केबिनमध्ये मी कागद घेऊन त्यांच्यासोबत गेले होते. बाईंनी मुतारीचा शब्द काढला नाही. म्हाताऱ्यांचा काढला नाही, सासूबाईंचा तर नाहीच. त्या म्हणाल्या, "साहेब, या मार्गावर बस उशिरा सुटतात कारण माणसं दमलेली असतात. माणूस आधीच तयार असेल तर बस आठ मिनिटं उशिरा आली तरी वेळेवर सुटेल. तुमची टक्केवारी या एका मार्गाने खाली ओढलीय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि जास्तीची जोडी?"

"ती आहेच तुमच्याकडे, साहेब. फक्त घरी झोपलेली आहे." त्यांनी रजेचा तक्ता पुढे केला. त्या मार्गावरचे लोक डेपोत सगळ्यांत जास्त आजारी पडत होते. मुतखडा, कंबर, पित्त. रोज सरासरी दोघं-तिघं रजेवर, आणि त्यांच्या जागी बदली माणूस देणं चालूच होतं. "आजारी पडल्यावर माणूस देताय, तो आजारी पडायच्या आधी द्या. एक महिना. नाही जमलं तर मला भांडार विभागात पाठवा, मी बोल्ट मोजीन."

साहेबांनी तक्त्यातल्या रजांच्या रकान्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक महिना."

पहिला आठवडा म्हणजे नुसता गोंधळ होता. ड्रायव्हर लोकांना सुटका हवी होती, पण आपली बस सोडवत नव्हती. प्रत्येकाची सीट वेगळी, आरसा वेगळा, पाठीला लावायची उशी वेगळी. "गाडी आहे की धर्मशाळा? कोणीही यावं कोणीही बसावं?" असं एकाने बाईंना तोंडावर सुनावलं. त्यात आणखी एक गोष्ट निघाली जी बाईंनाही सुचली नव्हती. पूर्वी बसला ओरखडा पडला की कोणी पाडला ते कळायचं. आता बस दिवसात दहा हातांतून जाऊ लागली, आणि सहा दिवसांत चौदा ओरखडे पडले, पाडणारा एकही नाही.

साहेबांनी बाईंना बोलावलं. आवाज खोलीबाहेर ऐकू येत होता. बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा लाल होता, पण म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी एक भोक बुजवलं आणि दुसरं पाडलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नियम लावला. बस ताब्यात घेताना जो ओरखडा दाखवील त्याला काही विचारायचं नाही. विचारायचं ते आधीच्याला. आणि बस घेताना जो काही दाखवणार नाही, त्याच्या नावावर तो ओरखडा. बस्स. त्या दिवसापासून प्रत्येक ड्रायव्हर बस घेताना तिच्याभोवती मुलीला बघायला आल्यासारखा फेरी मारू लागला. ओरखडे थांबले. उशांसाठी बाईंनी डेपोच्या शिंप्याकडून जुन्या सीटच्या कापडाच्या पिशव्या शिवून घेतल्या; ज्याने त्याने आपली उशी आपल्या खांद्यावर न्यायची.

महिना संपला तेव्हा तो मार्ग वेळेवर सुटण्यात डेपोत सतराव्यावरून तिसरा आला. दवाखान्याच्या थांब्याच्या तक्रारी महिन्याला साठच्या आसपास असायच्या, त्या अकरावर आल्या. साहेबांनी स्वतः खाली येऊन बाईंना चहा पाजला, ही आमच्या खोलीतली ऐतिहासिक घटना.

पण दुसऱ्या महिन्यात तक्रारी परत वाढल्या. चाळीस. साहेब घाबरले. "बाई, हे काय?"

बाईंनी वही आधीच वाचली होती. "साहेब, आधी लोक लिहीत होते की बस थांबत नाही. आता लिहितात की बसमध्ये उभं राहायला जागा नाही. ज्यांनी कंटाळून हा थांबा सोडला होता ते परत आलेत. याला तुम्ही तक्रार म्हणा, मी गिऱ्हाईक म्हणते." सहा आठवड्यांनी त्या मार्गावर दोन बस वाढल्या.

या सगळ्यात एक माणूस खूश नव्हता. धाकटे दीर. सगळेच थांबे घ्यायला लागल्यावर वेळेत पोचणारा उत्कृष्ट चालक असं त्या मार्गावर काही उरलंच नाही. त्या वर्षी फ्रेम कोणालाच मिळाली नाही. बाईंनीच साहेबांना ती बंद करायला लावली होती, आणि हे घरी कळलं होतं. दोन महिने ते वहिनीशी बोलत नव्हते. ताट घेऊन गच्चीत जेवायचे. बाईंना ते लागलं होतं, त्या मला म्हणायच्याही, "माणसाची तीन वर्षांची कमाई मी भिंतीवर लटकत ठेवली, आणि तिचा अर्थ काढून घेतला." पण माफी मागायला त्या गेल्या नाहीत. "चुकलेलं नसताना माफी मागितली तर त्याला पुढे खरी माफी ओळखता येणार नाही."

एका रविवारी तेच आले. बाई कपडे वाळत घालत होत्या. ते दारात उभे राहिले, चाचपडत म्हणाले, "वहिनी, मी काल डॉक्टरकडे गेलो होतो."

"काय झालं?"

"काही नाही. तेच सांगायला आलोय. काही नाही म्हणाले. खडा नाही. पाणी किती पिता विचारलं, मी म्हटलं चार बाटल्या." मग म्हणाले, "कालच्या फेरीत एक बाई बाळ घेऊन चढत होती. पाळणा, पिशवी, छत्री, सगळं. दोन मिनिटं लागली तिला. आणि मला राग आला नाही. मी वाट बघितली, वहिनी. राग येईल म्हणून. आलाच नाही."

बाईंनी बादलीतली ओली चादर उचलली. "ते दुसरं टोक धरा," त्या म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून चादरी पिळल्या. घरातल्या त्या भिंतीवर चौथ्या फ्रेमची जागा मोकळी होती, तिथे नंतर दिरांनी आपल्या मुलीने काढलेलं चित्र लावलं. तीन जुन्या फ्रेमा मात्र काढल्या नाहीत. बाई म्हणाल्या, काढू पण नयेत, त्या त्याने खऱ्याच मिळवल्या होत्या; नियम वाकडा होता, माणूस नाही.

साहेब वर्षाभरात मुख्य कार्यालयात गेले, जायचंच होतं. जाताना त्यांनी बाईंची शिफारस केली, आणि बाईंना तक्रार खिडकीवरून उचलून दुरुस्ती विभागात बसवलं. तिथल्या बस दुरुस्त होऊन बाहेर पडायच्या आणि तीन दिवसांत परत यायच्या. फिटर कामचुकार आहेत, असं सगळे म्हणत. मी त्यांची फाइल पोचवायला पहिल्या दिवशी तिथे गेले होते. बाई एका ग्रीसने माखलेल्या म्हाताऱ्या फिटरसमोर स्टूल ओढून बसल्या होत्या. कागद नाही, पेन नाही.

"तुम्हाला इथे कोणतं काम केलं की साहेब शाबासकी देतात?" त्या विचारत होत्या.

फिटरने हात पुसले. "दिवसाला किती गाड्या बाहेर काढल्या, त्यावर."

"आणि परत आल्या तर?"

"परत आली की नवीन गाडी धरतात, बाई. ती पण मोजतात."

बाई माझ्याकडे वळून हसल्या, आणि मला म्हणाल्या, "फाइल ठेव तिथे. मला आज उशीर होणार आहे."